एक वाटा दाराबाहेरचा



एलूल महिना सरत आला, पहाटेच्या सलिहोथ सुरू झाल्या, की आपल्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो : यंदा नव्याच्या सणाला गोड काय करायचे? कोकणात आपल्या आज्यांना हा प्रश्न पडत नसे. गहू भिजत घालायचे, वाटायचे, त्यांचा चीक काढायचा, नारळाचा रस पिळायचा आणि चुलीपुढे बसून हलवा ढवळायचा. ढवळायला घरात चार जणींचे हात असत, आणि हलवा थापला की शेजारीपाजारी वाटायला पोरांचे पायही असत. आज लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना येथील आपल्या घरांत दोघेही कामावर जातात. चीक काढायला सवड कुणाला? तरी काही भगिनी नेटाने काढतात, त्यांना देवाने आरोग्य द्यावे.

पण जो घरापासून लांब एकटाच आहे त्याने काय करावे? त्याच्यासाठीच आज थोडे लिहायचे आहे. आणि त्याच्या निमित्ताने आपल्या सर्वांसाठी.

समजा, आपल्यातला एखादा बांधव नोकरीसाठी फुजैराला गेला आहे. संयुक्त अरब अमिरातीतले हे अमिरात सातांत निराळे. दुबई-अबुधाबीचा किनारा इराणच्या आखातावर, तर फुजैराचा ओमानच्या आखातावर, म्हणजे आपल्या अरबी समुद्राकडे तोंड करून. बंदरात तेलाची जहाजे येतात, किनाऱ्यालगत तेलाच्या मोठमोठ्या टाक्या आहेत. 2012 पासून अबुधाबीच्या वाळवंटातले तेल नळाने डोंगर ओलांडून येथवर येते. समुद्राला पाठ केली की हजर पर्वताच्या उघड्याबोडक्या रांगा. त्यांच्या दऱ्यांत, जेथे थोडे पाणी आहे, तेथे खजुरीच्या बागा.

ह्या बांधवाने संध्याकाळची तेफिला म्हणायला यरुशलेमकडे तोंड केले की त्याच्यापुढे डोंगर येतात आणि कोकण पाठीशी जाते. नवगावचा किनारा, जेथे आपल्या पूर्वजांचे गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, तो ह्याच समुद्राच्या पलीकडच्या काठाला आहे. म्हणजे माणूस आपल्या दोन्ही घरांच्या मधोमध उभा आहे, आणि सणाच्या रात्री दोन्हीपैकी कोठेच नाही. सिनेगॉग दूर अबुधाबीत. 2023 साली उघडलेल्या त्या सिनेगॉगला रब्बी मोशे बेन मैमोन, म्हणजे आपले रम्बाम, यांचे नाव दिले आहे. परंतु सणाच्या दिवशी गाडीत बसून तेथे जाता येत नाही.

अशा माणसाला हलवा जमणार नाही. पण फळ भाजता येईल. सफरचंद घ्यावे, देठाकडून चाकूने कोरून बिया काढाव्यात, तळ मात्र फुटू देऊ नये. त्या पोकळीत दोन खजूर, चमचाभर खोवलेले खोबरे आणि चिमूटभर वेलदोड्याची पूड भरावी. ताटलीत अर्धा पेला पाणी घालून ओव्हनमध्ये 180 अंशांवर पाऊण तासाच्या आत ते मऊ होते. वरून खजुराचा पाक, ज्याला इस्राएलात सिलान आणि अरबीत दिब्स म्हणतात, तो एक चमचा सोडावा. दूध नाही, तूप नाही. म्हणून मांसाच्या जेवणानंतरही निर्धास्त चालते. नव्या सणाला पेटता विस्तव वापरता येतो, पण नवा पेटवता येत नाही, म्हणून हे दिवे लावण्यापूर्वीच करून ठेवावे. थंड झाले तरी चव जात नाही.

फुजैराला हा जिन्नस मिळवायला कष्ट नाहीत. खजूर तेथे उन्हाळाभर पिकतो. आपला सण येईतो ओल्या फळाचा बहर ओसरू लागतो आणि सुकलेला खजूर टिकवण्याजोगा होतो. डोंगरातल्या मसाफी गावी रस्त्याकडेला शुक्रवारचा बाजार म्हणून दुकानांची रांग आहे. नाव शुक्रवारचे, पण बाजार आठवडाभर उघडा. तेथला फळवाला ह्या सुकलेल्या फळाला तम्र म्हणतो. आपल्या पवित्र भाषेत ते तामार. ज्या शब्दावर आपण रोश हशानाच्या रात्री दुष्टाई संपो अशी प्रार्थना करतो, तोच शब्द परक्या बाजारात कानी पडावा, ही काय लहान गोष्ट? तोरेत पवित्र भूमीची जी सात पिके सांगितली आहेत त्यांतला मध हा आपल्या विद्वानांनी खजुराचाच मध मानला आहे. म्हणून पानात खजूर व सफरचंद दोन्ही असली तर हाएत्सची बराखा खजुरावर म्हणावी, मान त्याचा. आणि प्रत्येक खजूर उघडून, आत अळी नाही ना हे पाहिल्याशिवाय वापरू नये. एलूलभर आपण स्वतःचे मन असेच उघडून पाहायचे असते. बाहेरून चकचकीत दिसण्यावर जाऊ नये, ही शिकवण खजूरही देतो.

पण बंधूंनो, एवढ्याने आपला सण गोड होत नाही. सणाला गोड खावे हे सांगितले आहे कोठे? नेहेम्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आपल्या नव्याच्या सणालाच, यरुशलेमेत पाणवेशीपुढील चौकात जमले. एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत तोरा वाचली. लोक रडू लागले. इतकी वर्षे आपण काय विसरून बसलो होतो हे त्यांना उमगले. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की आज रडू नका. चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा.

ह्या आज्ञेतला शेवटचा भाग नीट पाहा. तेथे गरीब हा शब्द नाही. ज्याच्यासाठी काही तयार नाही, एवढेच म्हटले आहे. गरिबाला आपण ओळखतो, त्याच्यासाठी सिनेगॉगात पेटी असते. पण ज्याच्यासाठी काही तयार नाही तो कदाचित आपल्यापेक्षा जास्त मिळवत असेल. फुजैराच्या त्या बांधवाला दिरहॅममध्ये पगार आहे, त्याच्या खोलीत गारवा आहे, फ्रीज भरलेला आहे. तरीही सणाच्या रात्री त्याच्यासाठी म्हणून कोणी काही केलेले नसते. नेहेम्याच्या लेखी तोही वाट्याचा धनी आहे. आणि तसे लोक परदेशातच असतात असे नाही. आपल्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, जिची मुले आता फक्त फोनवर भेटतात अशी एखादी मावशी असते.

रम्बामने मिश्ने तोरात सणांच्या नियमांमध्ये ही गोष्ट फार परखडपणे लिहिली आहे. सणाला जेवताना परका, पोरका व विधवा यांना जेवू घातलेच पाहिजे, असे तो सांगतो. जो अंगणाचे दार लावून घेतो आणि आपल्या बायकामुलांबरोबरच खातोपितो, त्याचा तो आनंद आज्ञेचा नव्हे, पोटाचा आनंद असे तो म्हणतो. हे लिहिणाऱ्याला रिकामी जागा म्हणजे काय हे अनुभवाने ठाऊक होते. त्याचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडाला, आणि त्या दुःखाने रम्बाम वर्षभर अंथरुणाला खिळून होता.

दार लावण्याचा विषय निघाला की आपल्याला आपल्या जुन्या सणांची नावे आठवली पाहिजेत. योम किप्पूरला आपले पूर्वज दारफळणीचा सण म्हणत, म्हणजे दारे बंद करण्याचा सण. त्या दिवशी घराची दारे लावून, कोणाशी संपर्क न ठेवता ते उपवास करीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली लिहून पूर्ण केलेल्या आणि 1937 साली तेल अवीव येथे छापलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ह्या सणांची हकिकत आहे. शिळ्या सणाला गोरगरिबांना दान द्यायचे आणि आप्तेष्टांच्या भेटीला जायचे. पाहा, केवढे शहाणपण आहे ह्यात! ज्यांच्याजवळ कित्येक पिढ्या पुस्तके नव्हती, त्यांनी रम्बामचे वचन न वाचताच पाळले. दार लावायचे ते उपवासाला. जेवणाला दार उघडे. आपण मात्र उलटे तर करीत नाही ना? किप्पूरला सर्वांसमोर पांढरे कपडे घालून उभे राहायचे, आणि जेवणाच्या वेळी आपापली दारे लावून घ्यायची?

लावलेले दार बाहेरून कसे दिसते हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. इस्राएलात आल्यावर, 1962 साली, आपल्या मुलामुलींच्या लग्नाच्या वेळी वंशाची चौकशी करण्याचे नियम लागू झाले, आणि आपण यहुदी आहोत की नाही असा प्रश्न आपल्यालाच विचारला गेला. आपले वडीलधारे यरुशलेमेत ठिय्या देऊन बसले; 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपली बाजू घेतली, तेव्हा ते दार उघडले. ज्यांनी एवढे सोसले त्यांच्या घराचे दार सणाला कोणासाठी बंद असावे, हे शोभत नाही.

रोश हशानाच्या दोन्ही दिवशी आपण अब्राहाम अवीनूच्या घरची कथा वाचतो. हा तोच अब्राहाम, जो भर उन्हात तंबूच्या दाराशी बसून वाटसरूंची वाट पाहत असे. इस्राएल आणि अमिरात यांच्यात 15 सप्टेंबर 2020 रोजी करार झाला त्यालाही त्याचेच नाव दिले गेले, आणि ती तारीख नव्या सणाच्या संध्याकाळच्या बरोबर तीन दिवस आधीची होती. राज्ये सही करतात, त्यांचे हेतू त्यांना ठाऊक. अब्राहामाचे नाव खरे करणे मात्र घराघरांचे काम आहे.

म्हणून माझी विनंती साधी आहे. घरात पाच माणसे असतील तर सहा सफरचंदे भाजावीत. सहावे ताटलीत घालून, वर रुमाल झाकून, दिवे लावण्यापूर्वी कोणाच्या तरी दाराशी पोचवावे. कोणाच्या, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवलेले असावे. जेथे ताटली पोचत नाही तेथे आवाज पोचतो. सणाच्या आदल्या दिवशी फुजैराला फोन करून कृती सांगावी, आणि आपणही तेच करणार आहोत हे सांगावे. सूर्य आधी कोकणात मावळतो, मग साधारण तासाभराने फुजैराला, आणि त्यानंतर सुमारे दीड तासाने इस्राएलात. एकच सण तीन ठिकाणी दिव्यामागून दिवा लागत पुढे येतो. एकट्याला एवढे कळले की कोणीतरी मागे आणि कोणीतरी पुढे आहे, तर त्याची रात्र निराळी जाते.

आणि तू, बाबा, जो तेथे एकटा आहेस, तुलाही सूट नाही. एकटा असलास तरी एक सफरचंद भाजू नकोस, दोन भाज. शेजारच्या खोलीत केरळचा कोणी असेल, पेशावरचा असेल, मनिलाचा असेल. त्याचेही कोणी येथे नाही. आज आमचा नवा सण, एवढे सांगून ताटली त्याच्या हाती दे. ज्याच्यासाठी काही तयार नाही अशांच्या यादीतून स्वतःचे नाव काढण्याचा एकच मार्ग आहे : दुसऱ्यासाठी काहीतरी तयार करणे.

मारा येथे आपल्या पूर्वजांना कडू पाणी मिळाले, आणि त्यानंतरचा मुक्काम एलीम, जेथे बारा झरे व सत्तर खजुरीची झाडे होती. दोन्ही मुक्काम एकाच वाटेवर आहेत. सर्वसमर्थ परमेश्वर आपल्या प्रत्येक बांधवाला, तो कोठल्याही किनाऱ्यावर असो, कडू पाण्यापासून एलीमच्या सावलीत आणो, आपली नावे चांगल्या जीवनाच्या पुस्तकात लिहो, आणि आपल्या दारावरून कोणीही रित्या हाताने न जावो. आमेन.

शाना तोवा.