कळंबच्या चिंतामणीस

चिंतामणी देवा, तुझ्या दर्शनाला पायऱ्या उतरून खाली यावं लागतं. ज्याच्यासाठी आलो, त्याला खाटेवरून पाय खाली टाकवत नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं त्याचं तोंड मिटलं; आता दोन बोटंही आत मावत नाहीत. कॅन्सरच्या मोठ्या दवाखान्यानं सांगितलं, 'आता घरी न्या.' घरी नेऊन काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. तेवढ्या फटीतून पुडीवाला आत आला.

वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली राखाडी पूड. मधातून, उपाशीपोटी. मीठ बंद, दवाखान्याच्या गोळ्याही बंद. पुडी बांधताना त्यानं तुझंच नाव घेतलं, देवा. चार दिवस भूक लागली, घर हरखलं. अशा पुड्यांत कधी स्टिरॉइड असतं, कधी भस्माच्या नावाखाली शिसं नि पारा. घरच्यांना कुठून कळावं? आधी तूर विकली. आता बैलजोडीचा सौदा चाललाय.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी २०२४ च्या नोव्हेंबरात टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांना पत्रक काढावं लागलं, की हळद-कडुनिंबानं कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही. पत्रक खाटेपर्यंत पोचत नाही रे, व्हॉट्सॲप पोचतं.

त्याला बरं कर, असं मागायला जीभ रेटत नाही. त्याला मॉर्फिनची गोळी मिळू दे. महाग नाही ती; वेळच्या वेळी दिली तर रात्र झोपेत निघते. अफूची म्हणून कायद्यानं तिला कुलूप घातलं. २०१४ साली ते सैल केलं म्हणे, पण इथं औषधाच्या दुकानात विचारलं की अजून नकाराची मान हलते. ते कुलूप आधी काढ.

त्याच्या बायकोला बोल लावू नकोस. नुसतं बघत बसवेना, म्हणून तिनं पुडी घेतली. तिच्या हाताला खरं काम दे. तोंड कसं धुवायचं, कूस कशी बदलायची, जखमेचा वास मारायला मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून कशी टाकायची (तीही पूडच की!), हे शिकवणारी एखादी सिस्टर तिच्या दारी धाड. आणि डॉक्टरला 'घरी न्या'च्या पुढचं बोलायला पाच मिनिटं दे.

बैलांचे पैसे घ्यायला पुडीवाला उद्या येणार आहे. दारातूनच तुझं नाव घेईल. ओ देऊ नकोस.