कोटेशनं परत ने

एम्पॉवर घेऊ की क्रोमेलिऑन? ओपनलॅब बरं की लॅबसोल्यूशन्स? पावसाळ्यापासून तुझा हा एकच धोशा चाललाय. द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला, तरी तू कोटेशनं उलटसुलट करतोयस. वर मला विचारतोस, "सर, यातलं चांगलं कोणतं?" मी सांगणार नाही. चारही जगभर चालतात, चारही आपल्या अंबड-सातपूरला चालतील. तुझा प्रश्नच खोटा आहे.

तुला क्रोमॅटोग्राफीचं सॉफ्टवेअर निवडायचंच नाहीये. तुला कुणीतरी नाव सांगायला हवंय. म्हणजे उद्या बिनसलं की बोट दाखवायला माणूस तयार! एमएस्सीला असताना क्रोमॅटोग्राममधल्या एका पीकच्या टेलिंगवरून तू माझ्याशी तासभर भांडला होतास, आणि तुझं बरोबर होतं. तो पोरगा कुठे गेला? आज लॅबचा प्रमुख झालास आणि एक पान लिहायचं म्हटलं की अंग चोरतोस?

हो, एक पान. आपल्या लॅबला काय हवंय ते लिहिलेलं पान. कुठे आहे? जे दाखवलंस ते मी वाचलंय. सेल्सवाल्याने 'नमुना' म्हणून दिलेली गरजांची यादी, युआरएस, वर आपला लोगो, खाली आपली सही. तिच्यातल्या अटी त्याच्याच मालाच्या मापाने बेतलेल्या. म्हणजे उमेदवारानेच पेपर काढला आणि तू परीक्षक म्हणून त्याला पैकीच्या पैकी देऊन मोकळा झालास. त्यात तुझी किती यंत्रं आहेत याचा आकडासुद्धा नाही. वॉटर्सची एचपीएलसी, शिमाझूचा जीसी, कोपऱ्यातलं ते जुनं एजिलंट. नवं सॉफ्टवेअर यातलं काय काय चालवणार? नुसता सिग्नल उचलणार, की पंप, ऑटोसॅम्पलर, ओव्हन सगळं हाताळणार? कोणत्या मॉडेलचा ड्रायव्हर आहे, कोणत्याचा नाही? विचारलंस? लेखी घेतलंस? "ते म्हणाले, होतं सगळं." ते म्हणणारच. ते विकायला आलेत.

आणि द्राक्षाचे अवशेष तपासणारं ट्रिपल क्वाड? त्याला बहुतेक वेळा त्याच्याच कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. म्हणजे "सगळी लॅब एका छताखाली" हे तू मालकांना दिलेलं आश्वासन पहिल्याच दिवशी कोसळायची शक्यता आहे. हे तुला माहीत नव्हतं असं सांगू नकोस. माहीत होतं. मालकांसमोर अवघड बोलायचं टाळलंस.

आता तुझ्या सबबी घेऊ.

"ब्रोशरवर पार्ट ११ कम्प्लायंट लिहिलंय." इलेक्ट्रॉनिक नोंदींबद्दलचा अमेरिकेचा हा नियम १९९७ चा आहे. तू तेव्हा शाळेतही गेला नसशील, पण नोकरीला लागल्यापासून तो तुझ्या कानावर रोज पडतोय. तिथली एफडीए कुठल्याही सॉफ्टवेअरला प्रमाणपत्र देत नाही. ब्रोशरवरच्या त्या ओळीचा अर्थ इतकाच, की कुलूप बसवायची सोय केलेली आहे. ते लावायचं कुणी? लॉगिन कुणाचं, अधिकार किती, ऑडिट ट्रेल चालू की बंद, संगणकाचं घड्याळ कोण बदलू शकतं, हे सगळं तू ठरवायचं आहेस. विकत मिळत नाही ते.

आज तुझ्या लॅबमध्ये काय चाललंय सांगू? पाच अ‍ॅनालिस्ट, एक लॉगिन. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. "घाईत बरं पडतं सर." कुणाला बरं पडतं? रात्रपाळीत इंजेक्शन कुणी मारलं, ते पुन्हा कुणी मारलं, पहिलं कुठे गेलं, हे सकाळी तुला कोण सांगणार? लाखो रुपयांचं सर्व्हर आणून त्यावरही हेच करणार आहेस ना? मग पैसे कशाला घालवतोस?

२०१३ च्या जुलैमध्ये एफडीएने वोक्हार्टच्या वाळूजच्या कारखान्याला ताकीदपत्र दिलं. वाळूज म्हणजे काही सातासमुद्रापलीकडे नाही, इथून सकाळी निघालास तर दुपारच्या जेवणाला पोचशील. पत्र सार्वजनिक आहे, वाच. सुमारे ७५ बॅचेसच्या अनधिकृत नोंदी कचऱ्याच्या जागेत अर्ध्या फाडलेल्या सापडल्या होत्या. कागद फाडला की निदान तुकडे सापडतात. तुझ्या जुन्या वर्कस्टेशनवर सी ड्राइव्हचं फोल्डर कुणीही उघडतं आणि नको ते उडवतं. त्याचे तुकडे कुठे शोधायचे? डेटा साध्या फाइलींत राहतो की बंद डेटाबेसमध्ये, सॉफ्टवेअरला बगल देऊन विंडोजमधून तो पुसता येतो का, हा पहिला प्रश्न असायला हवा होता. तुझ्या यादीत तो नाही. स्क्रीनच्या रंगसंगतीबद्दल मात्र दोन ओळी आहेत!

"आपली लॅब लहान, एफडीए कुठे येतंय?" अरे, तुझ्याकडे नमुने पाठवणाऱ्यांकडे तर येतंय ना? तुझा निकाल त्यांच्या फायलीत जातो. औषध कारखान्यांसाठीचं सुधारित शेड्यूल एम डिसेंबर २०२३ मध्येच अधिसूचित झालं. लहान-मध्यम कारखान्यांना अर्ज करून मिळणारी वाढीव मुदतसुद्धा ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचीच होती. आता ते तुझ्याकडे येऊन कपाटं उघडायला लावतील. आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेलं एनएबीएलचं प्रमाणपत्र कशाच्या जोरावर मिळालं? आयएसओ १७०२५ च्या २०१७ च्या आवृत्तीत डेटा आणि माहिती सांभाळण्यावर ७.११ हे अख्खं कलम आहे. नोंद बदलली तर मूळ नोंद शोधता आली पाहिजे, हेही त्याच मानकात आहे. ऑडिटच्या आदल्या रात्री तू ते तोंडपाठ करतोस. दुसऱ्या दिवशी साहेब गेले की विसरतोस.

आता मुद्द्याचं बोलतो, आणि इथे मान खाली घालू नकोस, वर बघ. इंटिग्रेशन. तुझ्या सगळ्या चालढकलीचं मूळ इथे आहे.

मुख्य पीकच्या खांद्यावर एक अशुद्धी बसलेली. मर्यादा ०.२ टक्के. यंत्राने दाखवलं ०.२२. तुझा माणूस माउस हातात घेतो, बेसलाइन जराशी उचलतो, ०.१९ होतं. रिपोर्ट निघतो. त्याने खोटं केलं असंच मी म्हणत नाही. कदाचित यंत्राने रेषा खरंच चुकीची ओढली असेल. पण उभी रेघ पाडायची की दरीपासून दरीपर्यंत जोडायचं की खांदा स्पर्शरेषेने तासायचा, हे पद्धत लिहिताना ठरतं की निकाल बघून? स्टँडर्डला एक न्याय आणि नमुन्याला दुसरा का? हाताने रेषा बदलायची परवानगी कुणाला? कारण कुठे लिहिलं? पहिला ०.२२ अजून दिसतो का? तो दिसत असेल तर त्यावर वाद घालता येतो, चौकशी करता येते, कदाचित तो चूक ठरवता येतो. तो पुसला असेल तर वाद संपला. तू हरलास, मग तुझं रसायनशास्त्र कितीही बरोबर असो.

चांगलं सॉफ्टवेअर इथे कामाला येतं. प्रोसेसिंग मेथड कुलूपबंद ठेवता येते, प्रत्येक रीप्रोसेसला नवा निकाल तयार होतो आणि जुना जागेवर राहतो, कुणी, कधी, काय, कशासाठी हे सोबत लिहिलं जातं. चौघांत फरक असेल तर तो इथे बघायचा. मागचं शोधायला किती क्लिक लागतात? तपासनीसाला जुना-नवा निकाल शेजारी शेजारी दिसतो का? कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येतं का, की नुसतं टिंब टाकून सुटता येतं? डेमोला तू काय पाहिलंस? त्यांनी आणलेलं कॅफिनचं देखणं पीक. सुईसारखं सरळ. असं पीक तर कागदावर छापून कात्रीने कापून तोललं तरी क्षेत्रफळ बरोबर येईल! तुझे घाणेरडे क्रोमॅटोग्राम का नेले नाहीस? लाज वाटली?

आणि ऑडिट ट्रेल. "चालू आहे सर." चालू आहे, पण बघतं कोण? आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. एफडीएच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शनात स्वच्छ सांगितलंय की निकालाशी निगडित ऑडिट ट्रेल हा नोंदीचाच भाग आहे, नोंद तपासताना तोही तपासायचा. क्रोमॅटोग्रामची नुसती छापील प्रत पुरेशी नाही, हेही तिथेच आहे. प्रिंटआउटवर हिरव्या शाईची सही म्हणजे रिव्ह्यू, ही तुझी समजूत. तुझी? नाही. तुझी असती तर मी समजावलं असतं. तुला खरं माहीत आहे. पडद्यासमोर बसून तपासायला तास जातो, कागदावर सही करायला पाच सेकंद.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे? तुझ्याकडे. निकाल वेळेत निघाले नाहीत तर शिव्या कुणाला? तुलाच. मग ज्याला निकालाची घाई आहे, त्याच्याच हातात नोंदी उडवायचा अधिकार कसा? आयटीवाल्याकडे दे, क्यूएकडे दे. तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही. उद्या कुणी संशय घेतला, तर "माझ्याकडे तो अधिकारच नव्हता" हे तुला ताठ मानेने सांगता यावं म्हणून.

गणित अजून एक्सेलमध्ये. सॉफ्टवेअरमधून क्षेत्रफळ वाचायचं, एक्सेलमध्ये हाताने टाइप करायचं, सूत्राचा सेल उघडा. मग एवढ्या महागड्या प्रणालीतून काय मिळवलंस? वजन, डायल्यूशन, स्टँडर्डची शुद्धता हे सगळं आत घेऊन अंतिम टक्केवारी तिथेच निघते का, ते तपास. सिस्टिम सुटेबिलिटी नापास झाली तर सिक्वेन्स थांबतो का, तेही. यात एक-दोन महिने मेहनत आहे. तीच तुला नकोय.

पैशाचं रडगाणं मला ऐकवू नकोस. सगळ्यात स्वस्त कोटेशनला खूण केलीयेस. एकाच वेळी किती जण लॉगिन करू शकतात त्यात? यंत्र वाढवलं तर लायसन्स किती? व्हॅलिडेशनचा खर्च धरलाय? दुसऱ्या वर्षापासूनची एएमसी? कोणत्या विंडोजवर चालतं? विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. तुझा एक संगणक अजून सातवर आहे, आणि तू त्याला "स्थिर" म्हणतोस. जुना डेटा नव्यात कसा उघडणार? सामायिक फॉरमॅटमध्ये रेषा येते रे, पण मेथड, इंटिग्रेशन आणि ऑडिट ट्रेल मागेच राहतात. मग पाच वर्षांपूर्वीच्या स्टॅबिलिटीबद्दल विचारलं तर काय, जुनं यंत्र झटकून सुरू करणार? बॅकअप एका हार्ड डिस्कवर, ती त्याच खोलीतल्या ड्रॉवरमध्ये. त्यातून एकदा तरी डेटा परत काढून पाहिलायस? अंबडला वीज कशी जाते ते तुला मी सांगायला नको.

"हंगाम संपू दे." हे तुझं सगळ्यात लाडकं. हंगामाबद्दल बोलतोस तर २०१० आठव. युरोपने आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड पकडलं, ज्याला शेतकरी लिहोसिन म्हणतात. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, निफाड-दिंडोरीत घरंच्या घरं कर्जात गेली. यंत्रं इथेही होती, माणसंही होती. पण तपासायच्या रसायनांच्या तेव्हाच्या यादीत ते नावच नव्हतं. जे विचारलं नाही, त्याचं उत्तर कुठलंही यंत्र देत नाही. तुझ्या युआरएसचंही हेच आहे, म्हणून मी इतका तडकलोय.

आणि शेतकऱ्याकडे बघ. २००६ च्या सुमारास ग्रेपनेट आलं, तेव्हापासून निर्यातीचा बागायतदार प्लॉटची नोंदणी करतो, फवारणीची वही ठेवतो. कोणतं औषध, किती, कुठल्या तारखेला. कंटेनर रॉटरडॅमला पोचला तरी माल कुठल्या बागेतला ते सांगता येतं. पिंपळगावचा दहावी शिकलेला माणूस पहाटे फवारणी करून आला की चिखलाच्या हाताने नोंद करतो. तुझ्या वातानुकूलित खोलीत कालचं तिसरं इंजेक्शन कुणी मारलं ते सांगता येत नाही. त्याची अख्ख्या वर्षाची कमाई तुझ्या एका पीकवर उभी असते. किलोला ०.०१ मिलिग्रॅमच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावर. त्याला तू काय तोंड दाखवणार?

तुझ्यात कुवत नसती तर मी इतकं बोललो नसतो, चहा पाजून पाठवलं असतं. तुझ्या बरोबरीच्या पोरांत पीक बघून कॉलम मेलाय की मोबाइल फेज चुकलंय हे ओळखणारा तू एकटा होतास. म्हणून राग येतो.

ही कोटेशनं परत ने. सोमवारपर्यंत पान लिही, तुझ्या हाताने, तुझ्या शब्दांत. अ‍ॅनालिस्टना बसव, रात्रपाळीच्या त्या पोरीला आधी विचार, तिला सगळ्यात जास्त ठाऊक आहे. कोणती यंत्रं, किती माणसं, कुणाला काय अधिकार, कुठली गणितं, डेटा किती वर्षं. पासवर्डची ती चिठ्ठी आजच फाड आणि प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन दे. आहे त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येही ते जमतं, त्याला कोटेशन लागत नाही. मग तुझे सगळ्यात वाईट क्रोमॅटोग्राम काढ. खांदा असलेला, टेलिंगवाला, बेसलाइन वाहवत गेलेला, आणि मागच्या महिन्यातला तो, ज्याबद्दल तू माझ्यापासून लपवलंस. चौघांनाही एकेक दिवस बोलाव आणि म्हण, हे घ्या, माझ्या माणसाच्या हाताने, माझ्या संगणकावर, माझ्यासमोर इंटिग्रेट करून दाखवा, आणि मग पुसून दाखवा. ज्याच्याकडे पुसता येणार नाही, त्याच्याशी भावाचं बोल.