कॅलेंडरामागची ओल

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपले वाडवडील सांगून गेले. ही दोन्ही कामं उरकल्यावर पुढे काय पाहावं, याबद्दल मात्र त्यांनी मौन पाळलं. लग्नापुढचं मीही सांगणार नाही, कारण माझा प्रत्येक लेख संपादकांच्या आधी घरात वाचला जातो. घरापुढचं सांगतो. घर बांधून झाल्यावर पाहायची असते ती भिंत.

भाड्याच्या घरात होतो तेव्हा मी सुखी होतो. नळ गळला की घरमालकाला नावं ठेवावीत, दार फुगलं की घरमालकाला नावं ठेवावीत. तक्रार करायला हक्काचा माणूस असणं ही केवढी मोठी सोय असते, ते साताऱ्याच्या कडेला स्वतःचं घर झाल्यावर कळलं. ज्या बँकेत कारकुनी करतो तिच्याच कर्जातून ते बांधलं. आता नळ गळला की मी सवयीनं घरमालकाला शोधतो आणि तो आरशात भेटतो.

सुरुवातीला उत्साह दांडगा होता. पक्कड, पाना, करवत, काचपेपर आणि एक ओळंबा अशी हत्यारं मी आणली. ओळंबा का आणला ते सांगता येणार नाही. तो हातात धरला की माणूस जाणकार दिसतो एवढंच. पहिल्याच रविवारी मोरीच्या नळाचा वायसर बदलला. वायसर पाच रुपयांचा. नंतर माझं काम निस्तरायला आलेल्या प्लंबरनं साडेतीनशे घेतले आणि जाताना हिला म्हणाला, “वहिनी, साहेबांना बँकेतच राहू द्या.”

पण बागेत मी यशस्वी झालो. निदान तेव्हा तसं वाटलं. मागच्या खोलीच्या भिंतीला लागून फुलांचा वाफा करायचं ठरवलं. त्या बाजूला जमीन चढाची, त्यामुळे घराचं जोतं जेमतेम अर्धा फूट वर. मी एक ट्रॉली तांबडी माती आणि शेणखत आणून भिंतीला टेकवून चांगला दीड फूट उंच वाफा रचला. कडेला तिरक्या विटांची झालर लावली. अबोली, सोनटक्का, गुलबक्षी लावली आणि सकाळ-संध्याकाळ मनसोक्त पाणी घातलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाच्या आधी मी तो वाफा दाखवत असे. चहा टाळायचा असेल तर वाफ्याची मुद्दाम तारीफ करून निघावं, हे पाहुणे लवकरच शिकले.

त्या पावसाळ्यात मागच्या खोलीत, आतल्या बाजूनं, भिंतीवर एक डाग उमटला. सुरुवातीला त्याचा आकार श्रीलंकेसारखा होता. श्रावणापर्यंत त्याचा ऑस्ट्रेलिया झाला. रंगाला पोपडे आले आणि लोणा लागून भिंत पांढऱ्या पिठासारखी झडू लागली. मी काचपेपर घेतला, पोपडे खरवडले, लांबी भरली, वर रंग दिला. भिंत लग्नातल्या करवलीसारखी दिसू लागली. दोन महिन्यांनी ऑस्ट्रेलिया परत. पुन्हा खरवडलं, पुन्हा रंगवलं. तिसऱ्या खेपेला रंग संपला आणि उमेदही. तेव्हा मी दुकानातून एक खिळा आणला आणि त्या जागी कॅलेंडर लावलं.

प्रथम आमच्या बँकेचं लावून पाहिलं, पण ते सगळी ओल झाकायला पुरेना. मग किराणावाल्यानं दिलेलं मोठं, लक्ष्मीच्या चित्राचं लावलं. लक्ष्मीनं सगळं झाकलं. तिचं ते कामच आहे.

इथे थोडं बँकेबद्दल बोलायला हवं. दिवसाचा हिशेब जुळला नाही आणि फरक सापडेना, की तो तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकतात. यात काही गैर नाही. ते खातं असतंच त्यासाठी. अट एकच, फरक शोधायचा आणि ती नोंद तिथून काढून योग्य जागी न्यायची. इन्स्पेक्शनला येणारा साहेब ते खातं अगत्यानं पाहतो. रक्कम किती हे नंतर. नोंद किती जुनी हे तो आधी पाहतो. परवाची असेल तर अडचण. वर्षापूर्वीची असेल तर तिला दुसरं नाव आहे. दुसऱ्यांच्या अशा नोंदींवर नाक मुरडणाऱ्या मला आपल्या घरात लक्ष्मीच्या चित्राखाली तसलीच एक नोंद वर्षभर पडून आहे, हे काही जाणवलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मागची खोली भाड्यानं द्यायची ठरली. कर्जाच्या हप्त्याला तेवढाच हातभार. बदली होऊन आलेल्या एक शाळेतल्या बाई आपल्या आईला घेऊन खोली पाहायला आल्या. माणसं सरळ दिसली. बाईंनी पाण्याची वेळ विचारली, शाळेचं अंतर विचारलं, भाड्यात दोनशे कमी होतील का ते विचारलं. मी उदारपणे शंभर कमी केले. हा उदारपणा कुठून आला होता हे मला माहीत होतं आणि तेवढं पुरे.

त्यांच्या आई खोलीभर फिरत होत्या. फिरता फिरता कॅलेंडरासमोर थांबल्या. बाहेर ऑगस्ट होता आणि कॅलेंडरावर जून. साहजिकच होतं, ते कॅलेंडर तारीख बघायला लावलंच नव्हतं. जुन्या वळणाच्या बाईमाणसाला उलटून गेलेला महिना भिंतीवर बघवत नाही. “अगंबाई, पान उलटायचं राहिलं वाटतं,” असं म्हणत त्यांनी हात वर केला. पानाचा कोपरा चिमटीत आला.

“तिथं ओल आहे,” मी म्हणालो.

खोलीत शांतता पसरली. आईंनी पान उलटलं. ऑस्ट्रेलिया सर्वांनी पाहिला.

“मला दमा आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आधीच्या खोलीतही हेच झालं. तिथं भिंतीपुढे कपाट होतं. तुम्ही निदान कॅलेंडर लावलंत. उचलायला हलकं.”

घरातली ओल आणि बुरशी दम्याला बाधते, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 साली ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढून सांगितलं आहे. मला त्या दिवशी ते एका वाक्यात समजलं. बाई उठल्या. “दुरुस्त झालं तर कळवा,” म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत आम्ही नात्यातल्यांकडे आहोत.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. निदान उलट काही बोलता आलं असतं.

रात्री जेवताना मी हिला म्हणालो, “काही म्हण, खरं बोललो.”

“बोललात खरे,” ही पोळी वाढत म्हणाली. “दोन सेकंद आधी बोलला असतात तर शोभलं असतं.”

ते दोन सेकंद मला झोपू देईनात. चिमटीत पान आल्यावर बोललेलं खरं हे खरं धरायचं की नाही? मी प्रामाणिक ठरलो की नुसता सापडलो?

बी. कॉम.ला कायद्याचा पेपर होता, त्याची आठवण काढली. 1930 चा मालविक्रीचा कायदा आम्हाला ‘खरेदीदारा, सावध राहा’ या तत्त्वासह पाठ होता. पण तो मालाचा, आणि भिंत म्हणजे काही साबणाची वडी नव्हे. घरांचं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात आहे. त्याचं कलम 108 म्हणतं, की जो महत्त्वाचा दोष मालकाला माहीत आहे, भाडेकरूला नाही, आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळणार नाही, तो मालकानं सांगितला पाहिजे. कॅलेंडर उचलून बघणं ही ‘साधारण काळजी’ म्हणायची का, यावर कोर्टात तीन पिढ्या भांडता येईल. पण म्हातारीनं एका चिमटीत तो मुद्दा निकालात काढला होता.

शेजारी तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्यापुढे मी प्रकरण ‘एका मित्राचं’ म्हणून मांडलं. ते हसले आणि म्हणाले, “तुमच्या मित्राचा खटला दोन हजार वर्षं चालू आहे.” रोमच्या सिसेरोनं इसवी सनापूर्वी 44 साली अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात नेमका हाच प्रश्न आहे म्हणे. घर विकायचं आहे. ते रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड कुजलं आहे. आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. सांगावं का? बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, घ्या म्हणून कुणी बळजबरी केली होती? आपलं रोगट घर विकाऊ आहे अशी दवंडी पिटणाऱ्यासारखा मूर्ख नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, जाणूनबुजून दुसऱ्याला खड्ड्यात पडू देणं हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहून वाईट. सिसेरोनं कौल शिष्याला दिला. गप्प बसणं वेगळं आणि आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याला अंधारात ठेवणं वेगळं, असं त्याचं म्हणणं.

मला मनातून डायोजेनीस आवडला. घरमालक झाल्यावर तो सगळ्यांनाच आवडत असावा. पण सोयीचं असं की, त्यानं मालकाला फक्त गप्प बसवलं होतं. खिळा ठोकायला सांगितला नव्हता. मी गप्प नव्हतो. मी कॅलेंडर लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. त्यानं थापीच्या मुठीनं भिंतीवर टकटक केलं. “पोकळ वाजतंय,” म्हणाला आणि मागच्या बाजूला गेला. वाफ्यापुढे बराच वेळ उभा राहिला.

“साहेब, हे कुणी केलं?”

“मी,” मी सवयीनं अभिमानानं म्हणालो.

“तरीच.”

मग त्यानं समजावलं. जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्याच्या पातळीला एक थर घातलेला असतो. बाहेरची माती त्याच्या अर्धा फूट खाली राहायला हवी. मी ती फूटभर वर नेली होती आणि ओलीला थर ओलांडून जायला पायरी बांधून दिली होती. वर रोज दोन वेळा पाणी. चांगल्या साध्या विटेनंही चोवीस तास बुडवल्यावर आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांवर पाणी पिऊ नये असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे तीन किलोच्या सभ्य विटेलाही अर्ध्या लिटरहून जास्त प्यायची मुभा आहे. माझी भिंत वर्षभर पीत होती आणि मी तिच्या तोंडाला पावडर लावत होतो. जी बाग पाहुण्यांना दाखवत होतो आणि जी ओल त्यांच्यापासून झाकत होतो, ती दोन्ही एकाच हातची कामं निघाली.

वाफा मीच उपसला. घमेली वाहताना कंबर धरली. गवंड्यानं ओलीच्या वर दोन फुटांपर्यंत गिलावा फोडून भिंत उघडी केली. “लगेच गिलावा मारू?” असं विचारून त्यानंच उत्तर दिलं, “मारला तर छान दिसंल. पण ओल आत कोंडंल. वाळू द्या.” पहिल्या दिवशी दुरुस्ती आणि लपवाछपवी सारख्याच दिसतात, उलट लपवाछपवी जास्त सुबक दिसते. खरी दुरुस्ती चालू असताना घर बघवत नाही. दोन महिने उघड्या विटा घेऊन ती भिंत उभी होती, भाडं बुडत होतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी कारण सांगत होतो. सांगायचं अवघड पहिल्यांदा असतं. चौथ्यांदा तर मी थोडा लांबण लावूनच सांगितलं, असं ही म्हणते.

दिवाळीनंतर बाई आणि त्यांच्या आई पुन्हा आल्या. आईंनी भिंतीला तळहात लावला, बराच वेळ ठेवला, आणि हातपाय धुवायला पाणी मागितलं. खोली पसंत पडली, असा त्याचा अर्थ हिनं मला नंतर सांगितला. आपलं कॅलेंडर त्यांनी समोरच्या भिंतीला लावलं. या भिंतीला काही लावू नका, ती दिसत राहू द्या, एवढीच त्यांची अट होती. दर महिन्याच्या एक तारखेला त्या न चुकता पान उलटतात. मी भाडं घ्यायला गेलो की आधी भिंतीकडे बघतो. त्या माझ्याकडे बघतात.

भिंतीचा हिशेब मिटला. खर्च पडला, बुडालेलं भाडं पडलं, सगळ्या नोंदी जागच्या जागी गेल्या. त्या दोन सेकंदांचं काय करावं हे मात्र अजून ठरत नाही. जमा धरावेत, तर म्हातारीची चिमट आठवते. नावे टाकावेत, तर बोललो होतो हेही खरंच आहे. सध्या ते सस्पेन्समध्ये आहेत. आणि नोंद जुनी होत चालली आहे.