‘अॅडजस्ट’ कोणी करायचे?

इंग्रजीतून आलेली पुष्कळ क्रियापदे आपल्या बोलण्यात पाहुण्यासारखी वावरतात. ‘अॅडजस्ट करणे’ मात्र घरचे होऊन बसले आहे. इंग्रजांच्या तोंडी ते बहुधा वस्तूंविषयी येते. घड्याळाचे काटे, खुर्चीची उंची, हिशेबातील मागची बाकी, विम्याचा दावा या गोष्टी तिकडे ‘अॅडजस्ट’ होतात. माणूसही नव्या परिस्थितीशी जुळवून घेतो, पण ते ज्याचे त्याने. शेजारच्या माणसाला ‘जरा अॅडजस्ट करा’ म्हणण्याची रीत आपल्या देशातली. कोणी, किती आणि कशासाठी, यांतले काहीच तिच्यात सांगावे लागत नाही, आणि तरीही ऐकणाऱ्याला सारे कळते.

या विनंतीचे खरे माहेर प्रवासात. मुंबईच्या लोकलमधील दुसऱ्या वर्गाचे बाकडे तिघांचे. चौथा येतो, तिघे आकसतात, आणि चौथा निम्मा बाहेर राहून का होईना, टेकतो. ही ‘चौथी सीट’ रेल्वेने दिलेली नाही, प्रवाशांनी दिली आहे. नाताळात गावी येताना कोकण रेल्वेच्या जनरल डब्यात आपणही तिचा लाभ घेतलेला असतो. आपल्या मालवणीत यासाठी ‘वायच सर मरे’ हे शब्द होतेच. त्यांत आर्जव आहे आणि हक्कही.

या क्रियापदाची कुळकथा उद्बोधक आहे. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘युक्स्ता’, म्हणजे ‘जवळ, शेजारी’, हा शब्द आहे; मूळ अर्थ जवळ आणणे. पुढे बोलणाऱ्यांना त्यात ‘युस्तुस’, म्हणजे ‘न्यायी’, हा शब्द ऐकू येऊ लागला आणि रूप व अर्थ दोन्ही तिकडे कलले. आपल्याला हे दोन्ही शब्द अगदीच परके नाहीत. योहानाच्या लॅटिन शुभवर्तमानात पवित्र मरिया क्रुसाजवळ उभी आहे ती पहिल्या शब्दाने, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात संत योसेफाचे वर्णन येते ते दुसऱ्याने. भाषेचे पंडित या सरमिसळीला लोकांचा गैरसमज म्हणतात. आम्हांला तो गैरसमज मोलाचा वाटतो, कारण जवळ घेणे आणि न्याय करणे यांतले एक जरी गळले, तरी शब्द पोकळ होतो.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा दोन्ही अर्थ एकत्र दिसतात. दोराला जागा असते तोवर येणाऱ्याचा हात लागतो, आणि जाळे वर आले की ओढणाऱ्याला त्याचा वाटा मिळतो. पर्ससीन जाळी आल्यानंतर मात्र याच रापणकरांना ‘समुद्र मोठा आहे, अॅडजस्ट करा’ अशा धर्तीचा उपदेश ऐकावा लागला. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीला क्षेत्राची मर्यादा घातली आणि १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच हंगाम ठरवून दिला. (तिचे पालन किती होते, हा निराळा विषय.) कोणी मागे सरायचे आणि किती, हे निदान कागदावर आले.

घरात असे काही कागदावर येत नाही. लोकलमध्ये विनंती करणारा उभा असतो आणि सरकणारा बसलेला, आणि स्टेशन आले की सारे संपते. घरात नेमके उलट होते. लग्न ठरलेल्या मुलीला आई सांगते, ‘बाय, थोडे अॅडजस्ट करून घे.’ मावश्या-आत्या तेच सांगतात. सांगणारे सगळे आपापल्या जागी नीट बसलेले, आणि उभी असते ती एकटीच. मग तिची नोकरी अॅडजस्ट होते, आजारी वडिलांना भेटायला जाणे अॅडजस्ट होते, पगार कोणाच्या हाती द्यायचा तेही. पुढे नवऱ्याची दारू आणि उगारलेला हातही याच एका शब्दात बसवला जातो. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला, परंतु शेजारणी अजूनही वकिलाच्या आधी हा शब्दच सुचवतात.

मराठीत या गोष्टीला ‘सोसणे’ असा स्पष्ट शब्द आहे. ‘पोरी, सोस’ असे म्हणताना आईची जीभ अडखळेल. इंग्रजी शब्दाने ती अडखळत नाही. तो शब्द आपल्याला एवढा सोयीचा झाला, याचे एक कारण हेच असावे असा आमचा संशय आहे. मुलाच्या मुंबईच्या दोन खोल्यांत राहायला गेलेल्या सासूच्या वाट्यालाही तो कधीतरी येतोच. तेव्हा त्याचे वजन तिला कळते.

विवाहपूर्व शिबिरांत हा शब्द हमखास कानी पडतो. तेथे वधूवरांबरोबर दोन्हीकडच्या आईवडिलांनाही बोलवावे, असे आम्ही सुचवतो. आणि ज्याने ‘अॅडजस्ट’ म्हटले, त्याने पुढचे वाक्य मराठीत पूर्ण करावे : कोणी, काय सोडायचे, किती दिवस, आणि त्याबदली दुसरा काय सोडणार. अशाने शिबिराचा वेळ वाढेल, जेवण थोडे उशिरा होईल. पण या बोलण्यांना आजवर आपण वेळ दिलाच कुठे आहे?