रस्ता सर्वांचा, खड्डा कुणाचा?



मागल्या महिन्यात आमच्या मंडळींच्या एका घरगुती मलिद्याच्या कार्यक्रमाला मी यरुशलेममध्येच, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. जाताना ट्रामने गेले. इथे तिला ‘रकेवेत कला’ म्हणतात. आपण मुंबईची माणसे, आपण ट्रामच म्हणू. कार्यक्रमात माझ्या शेजारी आमच्या ओळखीचे एक वृद्ध शिंपीकाका बसले होते. मी सहज म्हटले, “काका, ट्राम झाली आणि आपल्यासारख्या म्हाताऱ्या माणसांचे पाय वाचले.” ते हसले आणि म्हणाले, “खरे आहे, बाई. पाय वाचले. दुकान गेले.” एवढे बोलून ते पोह्यांचा मलिदा खाऊ लागले. पण माझ्या मनातून ते दोन शब्द काही जाईनात. त्या विचारांतूनच हा लेख निघाला आहे.

शिंपीकाकांची हकीकत थोडक्यात अशी. पँटची लांबी कमी करणे, चेन बदलणे, कोटाचे अस्तर लावणे, असा त्यांचा छोटा धंदा रस्त्यालगतच्या एका गाळ्यात होता. ट्रामसाठी रस्ता खणला गेला. दारापुढे पत्रे उभे राहिले, धूळ आली, बसचा थांबा दुसरीकडे गेला. कपडा दुरुस्तीसाठी कुणी खड्डे ओलांडून येत नाही. वाटेत दुकान दिसले तर माणूस आत शिरतो. काम अमुक महिन्यांत संपेल असे त्यांना सांगितले होते. त्या भरवशावर त्यांनी भाडे भरले, मग उसने घेऊन भरले. मुदत वाढली, पुन्हा वाढली. त्यांनी एका कचेरीत अर्ज केला. उत्तरादाखल छापील पत्र आले. शेवटी त्यांनी यंत्रे विकली. पुढे ट्राम सुरू झाली, रस्ता सुंदर झाला आणि गाळ्यांची भाडी वाढली. ज्याने धूळ खाल्ली त्याच्या वाट्याला सावली आली नाही.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर आपण न्यायाने बोललो असे होणार नाही. यरुशलेमच्या पहिल्या मार्गाचे काम २००२ साली सुरू झाले आणि १९ ऑगस्ट २०११ रोजी गाडी लोकांसाठी धावू लागली. पिसगात झेएवपासून हर्झल टेकडीपर्यंत सुमारे चौदा किलोमीटर आणि तेवीस थांबे. पूर्वीचा याफो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवत असेल की बसमागे बस उभी, धूर आणि भोंग्यांचा गोंगाट. आज तिथे खाजगी मोटारी नाहीत. मुले, म्हातारी माणसे, माहने येहुदाच्या बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बाया मोकळेपणाने चालतात. २०२५ साली हाच मार्ग पुढे ऐन केरेमच्या हदासा रुग्णालयापर्यंत गेला. दिवसाला लाखाहून अधिक माणसे या गाडीतून जातात. त्यांत ज्यांच्याकडे मोटार नाही अशी, म्हणजे आपल्यापैकीही पुष्कळ, माणसे असतात. हे काम वाईट झाले असे कोण म्हणेल?

तेव्हा प्रश्न ट्राम हवी की नको हा नाही. प्रश्न असा की, सर्वांच्या सोयीसाठी थोड्यांनी किती सोसावे, आणि त्या सोसण्याबद्दल सर्वांनी त्यांचे काय देणे लागते?

मी आयुष्यभर गणित शिकवले. म्हणून प्रथम गणितवाल्यांचे उत्तर घेते. इंग्लंडचा तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम याच्या नावाने ओळखला जाणारा विचार असा की, जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख ज्यात ते कृत्य योग्य. समजा, एक लाख माणसांची रोज दहा दहा मिनिटे वाचली. म्हणजे दहा लाख मिनिटे. हिशेब केला तर एका दिवसात जवळजवळ दोन वर्षांचा वेळ वाचला! यापुढे एका शिंप्याचे दुकान म्हणजे काय?

बेरीज बरोबर आहे. पण ती दोन वर्षे कुणाला मिळाली? कुणालाच नाही. प्रत्येकाला मिळाली दहा मिनिटे. बेरजेचे सुख भोगणारा माणूस जगात कुठेच नाही. दुकान मात्र एका माणसाचे गेले आणि सगळेच्या सगळे गेले. सुख एक लाखांत वाटले गेले, दुःख वाटले गेले नाही. वर्गात मी मुलांना सांगत असे की सरासरी काढली की वर्गातला नापास मुलगा दिसेनासा होतो. म्हणून सरासरी काढल्यावर यादी पुन्हा वाचा.

मग शिंपीकाका ‘नाही’ म्हणाले असते तर काम थांबवायचे होते काय? तेही मला पटत नाही. प्रत्येकाच्या हाती नकार दिला तर गावात एक गटारसुद्धा बांधले जाणार नाही. शिवाय काकांचे दुकान ज्या रस्त्यावर होते तो रस्ताही कधीकाळी कुणाचे तरी अंगण कापूनच झाला असेल. आपण सगळेच आधीच्या माणसांच्या सोसण्यावर चालत असतो.

आपल्या ग्रंथांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. एकीकडे मिश्नाच्या सान्हेद्रिन प्रकरणात सांगितले आहे की राजाला रस्ता काढण्यासाठी लोकांचे कुंपण फोडता येते आणि त्याला कुणी अडवू शकत नाही. दुसरीकडे नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. अहाब राजाने त्याला त्याहून चांगला मळा देऊ केला, नाहीतर पैसे देऊ केले. नाबोथाने वाडवडिलांची जमीन देण्यास नकार दिला. पुढे काय अनर्थ झाला ते आपणांस ठाऊकच आहे. दोन्हीकडे राजाच, दोन्हीकडे दुसऱ्याची जमीन. मग फरक कोठे? एक फरक उघड आहे. रस्त्यावरून सर्व जातात. अहाबाला मळा हवा होता तो स्वतःच्या वाड्याजवळ भाजीची बाग करण्यासाठी. म्हणजे ‘कशासाठी’ हा पहिला प्रश्न.

पण कारण चांगले असले म्हणजे सर्व झाले काय? इथे मला तिसरी गोष्ट आठवते, आणि ती याच यरुशलेममध्ये घडलेली आहे. देशात मरी पसरली तेव्हा दावीद राजाला यबूसी अरवनाच्या खळ्यावर वेदी बांधायची होती. काम लोकांच्या जिवाचे होते. याहून मोठे सार्वजनिक हित ते कोणते? अरवना खळे, बैल, लाकूड सर्व फुकट द्यायला तयार होता. राजाने ते घेतले नाही. ज्याची झळ आपल्याला लागली नाही ते परमेश्वराला अर्पण करणे त्याला मान्य नव्हते. त्याने पन्नास शेकेल रुपे मोजून दिले. यातून मी असे समजते की काम जितके पवित्र, तितके ते दुसऱ्याच्या खर्चाने करणे अधिक लाजिरवाणे. ‘हे सर्वांच्या भल्याचे आहे’ हे वाक्य किंमत माफ करून घेण्यासाठी नाही. उलट ते उच्चारले की किंमत देण्याची जबाबदारी सर्वांवर येते.

कुणी म्हणेल, “बाई, गावात हजार लोकांची हजार गाऱ्हाणी असतात. ज्याची मोटार उभी करण्याची जागा गेली त्यालाही पैसे द्यायचे काय?” रास्त प्रश्न आहे. इथल्याच एमेक रेफाईम रस्त्यावरून निळा मार्ग नेण्याला तेथील रहिवाशांनी आणि दुकानदारांनी पुष्कळ विरोध केला. त्यात झाडांची काळजी होती, धंद्याची होती, आणि आपली शांत गल्ली शांतच राहावी अशी इच्छाही होती. ही सारी गाऱ्हाणी एका तराजूत घालता येत नाहीत. गैरसोय आणि उपजीविका यांत मी भेद करीन. गोंगाट, धूळ, लांबचा वळसा हा नागरिकत्वाचा कर आहे; तो आज माझ्या गल्लीत, उद्या तुमच्या गल्लीत, आणि तो आपण कुरकुरत का होईना भरावा. पण कुणाची भाकरीच गेली तर तो कर नव्हे. ते कर्ज आहे, आणि ऋणको आपण आहोत, जे गाडीत बसलो आहोत.

हे कर्ज फेडायचे कसे? पैसा तर हवाच, आणि तो काम चालू असताना हवा. दुकान बंद झाल्यावर आलेला पैसा म्हणजे मेल्यावर आलेले औषध. पण पैशाच्याही आधी एक गोष्ट येते आणि ती म्हणजे खरे बोलणे. शिंपीकाकांना पहिल्याच दिवशी सांगितले असते की काम अनेक वर्षे चालेल, तर त्यांनी त्याच महिन्यात दुसरीकडे गाळा पाहिला असता. त्यांना खड्ड्याने बुडविले नाही, खोट्या मुदतीने बुडविले. स्कॉटलंडमधील एडिनबर्ग शहराचे उदाहरण पाहा. तिथे २००८ साली ट्रामचे काम सुरू झाले, ठरल्यापेक्षा तीन वर्षे उशिरा, २०१४ साली गाडी धावली, खर्च ७७६ दशलक्ष पौंडांवर गेला आणि मार्ग मात्र ठरल्यापेक्षा आखूड झाला. समुद्राकडचा राहिलेला भाग २०२३ साली पुरा झाला. काय चुकले याची चौकशी २०१४ साली नेमली, तिचा अहवालही २०२३ साली बाहेर आला. चौकशीचा अहवाल निघेपर्यंत किती दुकानांच्या पाट्या बदलल्या असतील!

आणि आणखी एक गोष्ट, ती म्हणजे नम्रता. आपले पूर्वज मुंबईत ज्या मांडवी-उमरखाडीच्या आसपास राहत, तिथूनच जवळ सँडहर्स्ट रोड काढला गेला. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शहराला हवा मिळावी म्हणून असे रस्ते काढले. त्यासाठी दाट वस्तीतील घरे पाडली, आणि नव्या चाळी मागाहून उभ्या राहिल्या. मधल्या काळात ती माणसे शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरली. हेतू आरोग्याचा होता, आणि निघालेल्यांना मिळाली अधिक दाटी. त्याच मुंबईत १८७४ साली घोड्यांची आणि १९०७ साली विजेची ट्राम आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. मी तेव्हा सात वर्षांची होते. वडिलांनी मला भायखळ्याला खांद्यावर बसवून ती दाखविली. ट्राम रहदारीला अडथळा होते म्हणून काढली असे त्यांनी सांगितले. आणि आता माझ्या म्हातारपणी रहदारीवर उपाय म्हणून ट्राम आली! एका पिढीचे सार्वजनिक हित दुसऱ्या पिढीची अडगळ होते. शुआफातला याच ट्रामसाठी खणताना दुसऱ्या मंदिराच्या विध्वंसानंतरच्या काळातील ज्यू वस्तीचे अवशेष सापडले. त्या घरांतील माणसांनाही आपली गल्ली कायमची वाटली असेल. म्हणून कुणाकडून त्याग मागताना ‘हे युगानुयुगांसाठी आहे’ अशा आवाजात मागू नये. हात जोडून मागावा.

यावर आपण सामान्य माणसे काय करणार, असे आपण म्हणाल. कायदे करणे आपल्या हाती नाही. पण नवे मार्ग होतच आहेत आणि रस्ते खणलेलेच आहेत. माझी वाचकांना एकच विनंती आहे. पत्र्यांच्या आड एखादे दुकान उघडे दिसले, तर वळसा घालून जाऊ नका. मुद्दाम आत जा. एक रीळ दोरा घ्या, पावशेर बदाम घ्या, एखादी चेन बदलून घ्या. शिंपीकाकांच्या दुकानाच्या त्या दिवसांत मीसुद्धा दुसऱ्या गल्लीतून जात असे, कारण माझ्या चपला धुळीने भरत. हे मी त्या दिवशी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “अहो बाई, सगळेच तिकडून जात होते.” त्यांनी मला दोष दिला नाही. परत येताना आम्ही दोघे एकाच ट्राममध्ये बसलो, आणि त्यांचा जुना गाळा आला तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहू शकले नाही.