माध्यमाला पर्याय नसतो तेव्हा

समकालीन कलेच्या प्रदर्शनात मराठी प्रेक्षक हमखास दोन प्रश्न विचारतो. हे कशाचं चित्र आहे? आणि यात कौशल्य ते काय? हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांतून महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या चित्रकला शिकल्या. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांनी आपल्याला वस्तू नीट पाहायची सवय लावली, हाताला वळण दिलं. त्या शिस्तीत वाढलेला माणूस भिंतीवरच्या काळ्या रेघांपुढे किंवा दुकानाच्या शटरपुढे उभा राहून कौशल्याचा हिशोब मागत असेल, तर ते रास्तच आहे. पण या कलेपुढे आणखी एक प्रश्न न्यायला हवा, आणि तो विचारायला कलाशिक्षण लागत नाही: इथलं माध्यम बदललं, तर काय हरवेल?

उदाहरणार्थ, चित्रकार प्रभाकर पाचपुते घ्या. त्यांचा जन्म 1986 सालचा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. गाव कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं, घरच्या पिढ्या खाणीत राबलेल्या. 2012 मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, 2022 मध्ये त्यांचं काम व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात पोहोचलं. ते थेट भिंतींवर चारकोलनं मोठाली चित्रं काढत आले आहेत. त्यांतल्या माणसांच्या धडांवर कधी डोक्याच्या जागी दिवा असतो, कधी अवजार. चित्रकाराचा चारकोल जळलेल्या लाकडाचा. खाणीतला दगडी कोळसा वेगळा. तरीही ती काळी भुकटी भिंतीच्या रंध्रांत शिरते, बोटांना लागते, पुसल्यावरही डाग ठेवते. हीच चित्रं चकचकीत तैलरंगात काढली असती, तर ती खाणकामगारांविषयीची चित्रं झाली असती. चारकोलमुळे ज्या काळ्या धुळीत ती माणसं जगली, तशीच भिंतीवर येऊन बसते. इथे माध्यम साक्षीदार होतं. ती साक्ष समजायला चंद्रपूरच्या खाणीवरच्या माणसाला कोणा समीक्षकाची गरज पडणार नाही.

अतुल दोडिया यांनी दुकानांची गुंडाळती शटर्स चित्रासाठी घेतली. 2002 सालच्या त्यांच्या ‘महालक्ष्मी’ या कलाकृतीत शटरवर राजा रविवर्म्याच्या वळणाची लक्ष्मी आहे: प्रसन्न, सालंकृत, घरोघरच्या तसबिरीतून ओळखीची. शटर वर गेलं की आत दिसतात गळफास घेतलेल्या तीन बहिणी, हुंड्याच्या ओझ्यापायी जीव दिलेल्या. ही दोन चित्रं शेजारीशेजारी टांगली असती तर विरोध दिसला असता, एवढंच. शटरमुळे एक चित्र दुसऱ्याला झाकतं. धनदेवतेची पूजा आणि मुलीच्या लग्नाचा सौदा एकाच समाजात एकमेकांना कसे झाकून असतात, हे त्या पत्र्याच्या वरखाली होण्यातून कळतं. लक्ष्मीपूजन करणाऱ्या घरांनी त्या शटरमागे पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

कधी काळ हेच माध्यम असतं. नलिनी मलानी यांनी 1992 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे काम केलं आणि प्रदर्शनानंतर ते पुसून टाकण्यात आलं. कॅनव्हासवर असतं तर ते विकलं गेलं असतं, गोदामात सुखरूप राहिलं असतं. पुसलं गेल्यामुळे ते मालकीच्या पलीकडे गेलं, आणि शहरात माणसांच्या खुणा किती सहज मिटवल्या जातात, हे त्यानं स्वतःच्या मिटण्यातून दाखवलं.

माध्यम बदललं तर काय हरवेल, हा प्रश्न फक्त कौतुकाच्या कामाचा नाही, नाकारायलाही तोच उपयोगी पडतो. मार्सेल द्युशाँ यांनी 1917 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी मुतारीचं भांडं पाठवलं, तेव्हा कलावस्तू कोण ठरवतं, हा प्रश्न त्याच भांड्यातून विचारला जाऊ शकत होता. संगमरवरी पुतळ्यातून नव्हे. पण तीच कृती शंभर वर्षं गिरवत राहणाऱ्या कामांत वस्तू कोणतीही चालते, आणि कोणतीही वस्तू चालते तिथे ती काहीच सांगत नसते. नोव्हेंबर 2024 मध्ये मौरिझिओ कातेलान यांचं भिंतीला चिकटपट्टीनं लावलेलं केळं लिलावात 62 लाख डॉलरना गेलं. ती किंमत बाजाराबद्दल बरंच सांगते. केळ्याऐवजी दुसरं काही असतं तर काय हरवलं असतं, याचं उत्तर तिच्यात नाही.

माध्यम नवं असलं की कला समकालीन होते, असंही नाही. सुधीर पटवर्धन यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता कॅनव्हास आणि रंग हीच साधनं वापरली. इराणी हॉटेलात बसलेला माणूस, लोअर परळ, लोकलची गर्दी हे त्यांचे विषय. थकलेल्या शरीराचं वजन थर चढवत सावकाश रंगवावं लागतं; कॅमेऱ्याच्या एका क्षणात ते मावत नाही. रंग जुना आहे, पण तिथे त्यालाही पर्याय नाही.

याच पटवर्धनांनी 2008-09 च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये नेलं. मला ती घटना कुठल्याही लिलावापेक्षा मोठी वाटते. काळी धूळ, दुकानाचं शटर, लोकलची गर्दी हे सगळं ज्यांच्या जगण्यातून उचललेलं आहे, त्यांतले बहुतेक लोक गॅलरीच्या काचेच्या दारातून कधी आत जात नाहीत. ही कला दुर्बोध ठरली, याचं मोठं कारण हे अंतर आहे. इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना चित्रकलेच्या तासाला एकदा तरी विचारावं: तुझ्या घरातली, तुझ्या गावातली कोणती वस्तू तुझ्या वतीनं बोलेल, आणि तीच का? जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यगृह असावं हे आपण मानलं. तसंच समकालीन कलेसाठी एक दालन असावं, हा आग्रह धरायला हवा. ज्यांच्या आयुष्यातून ही कला आपली सामग्री घेते, त्यांनी तिच्यासमोर उभं राहून ‘हे खरं आहे’ किंवा ‘हे खोटं आहे’ असं म्हणेपर्यंत तिचा अर्थ पुरा झालेला नाही.