देवा, तुला पुरावा नको

देवा, बेल्जियममधल्या तुझ्या एका भक्ताची आज फार आठवण येते आहे. जॉर्ज लमेत्र. १९२३ साली ते कॅथलिक धर्मगुरू झाले आणि १९२७ साली आइन्स्टाइनच्याच समीकरणांवरून त्यांनी दाखवलं की विश्व प्रसरण पावत आहे. आइन्स्टाइनना ते तेव्हा पटलं नाही. १९३१ मध्ये लमेत्र यांनी ‘नेचर’साठी छोटंसं टिपण लिहिलं : विश्वाचा आरंभ एकाच आद्य अणूतून झाला असावा. टिपणाच्या शेवटी तुझ्याविषयी चार शब्द होते, तू मुळातच दडलेला आहेस अशा अर्थाचे. छापायला देण्याआधी त्यांनी ते खोडून टाकले.

तसं खोडण्याचं बळ मला दे. शोधनिबंधातून तुझं नाव काढणं ही मला भक्तीच वाटते. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांना विश्वाच्या या आरंभात तुझ्या निर्मितीची साक्ष दिसली, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. सिद्धांत उद्याच्या निरीक्षणाने बदलू शकतो. त्याच्या आधारावर तुला उभं केलं, तर त्याच्याबरोबर आमची श्रद्धाही कोसळेल. आमच्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी विश्वारंभाच्या या महास्फोट सिद्धांतावर आयुष्यभर शंका घेतल्या. त्या शंकांना उत्तर दुर्बिणीने द्यायचं, तुझ्या नावाने नव्हे.

पुराणातल्या विमानांचे दाखले देऊन तुझा मान राखू पाहणारे आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांचं प्रेम खरं आहे. पण तुझी थोरवी विमानांवर ठरत नाही, हे त्यांना उमगू दे.

आणि जिथे तू खरंच हवास, तिथे आम्हाला एकटं सोडू नकोस. अणू कसा फुटतो हे विज्ञानाने सांगितलं. १९४५ च्या ऑगस्टमध्ये अणुबॉम्ब हिरोशिमावर टाकायचा की नाही, हे कुठल्याच समीकरणात लिहिलेलं नव्हतं. आज आमच्या हातांत त्याहून कितीतरी ताकदीची साधनं आहेत. ती वापरण्याआधी समोरच्याचं दुःख आम्हाला दिसू दे.

लमेत्र १९६६ साली गेले. आरंभीच्या त्या तप्त विश्वाचं उरलेलं प्रारण सापडल्याची बातमी त्याआधी थोडेच दिवस त्यांच्या कानी आली होती. त्यांनी तुला पुराव्यात ओढलं नाही, आणि शोधही थांबवला नाही. आमच्या मुलांनी उद्या ‘हे कशावरून?’ असं विचारलं, तर तुझं नाव पुढे करून आम्ही त्यांना गप्प बसवू नये, एवढी सद्बुद्धी आम्हाला दे.